अपेक्षांचा रकाना

"कुंदा, साऱ्या पोरींचे कागद निघाले, तुझाच राह्यला," नानाजी माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. "काढ बरं लवकर. उद्या परतवाड्याचे लोक खास तुलेच पाह्यले येऊन राह्यले."

मी माझी नोंद उघडली. त्या खुर्चीत बसून समाजातल्या कितीतरी मुलींच्या नोंदी मी भरल्या होत्या, छापल्या होत्या. पण स्वतःचा फॉर्म उघडायची वेळ आली की हात जड व्हायचा. डाव्या कोपऱ्यात फोटो, त्यात केसांना तेल चप्प बसलेलं. कुंदा रामकृष्ण राहाटे. वय एकोणतीस. वर्ण गव्हाळ, हा माहिती सांगणाऱ्या मामाचा उदारपणा. आरशाला विचाराल तर तो सरळ सावळा म्हणेल. वडील हयात नाहीत. भाऊ नाही. आणि सगळ्यात खाली, वधूच्या अपेक्षा: अनुरूप.

मूर्तिजापुरात आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ होतं, त्याचं ऑफिस मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत. नानाजी साबळे अध्यक्ष. कापसाचे अडते, पण अर्धा जीव मंडळात. माणूस वाईट नव्हता. मांडवाला कमी पडलं की गुपचूप स्वतःच्या पदरचं घालायचा, आणि त्याने जुळवलेली लग्नं मोडल्याचं मी तरी ऐकलं नाही. फक्त मुलीलाही काही हवं असू शकतं, ही गोष्ट त्याच्या कानावर कोणी घातलेली नव्हती.

कॉम्प्युटर आला त्या वर्षी मी एका मुलीचा कागद काढायला वरचं प्रिंटरचं चित्र दाबलं, तर मशीनने मंडळातल्या झाडून सगळ्या पोरी बाहेर काढायला सुरुवात केली. थांबवायचं कसं ते कोणालाच माहीत नव्हतं. शाई संपली तेव्हाच ते थांबलं. नानाजी कपाळाला हात लावून बसले होते. मग अमरावतीच्या प्रोग्रॅमर पोराने येऊन फॉर्मच्या खाली एक बटण करून दिलं: 'चालू फॉर्म छापा'. समोर दिसतो तेवढाच कागद निघायचा, नीट चौकटीत, वर गणपती.

"नानाजी, खालचा रकाना बदलायचा आहे," मी म्हटलं.

"कोनता?"

"अपेक्षांचा."

"काहून? अनुरूप काय वाईट आहे? अनुरूप म्हटलं की सारं आलं त्यात."

"माय नाही आली त्यात."

नानाजींना कळलं नाही. मला सांगत बसायचंही नव्हतं. माझं लग्न झालं की मायने आकोटला मामाकडे जायचं, हे दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मामाच्या ओसरीत खाट टाकायची, धान्य निवडायचं आणि भावजयीची बोलणी ऐकत म्हातारं व्हायचं. बाप जिनिंग कारखान्यात होता, मी दहावीत असताना गेला. तेव्हापासून आम्ही दोघीच. तिला ओसरीत टाकून मी परतवाड्याला हळदीच्या अंगाने निघून जायचं, हे मला जमणार नव्हतं. अगदी नाही.

मी 'अनुरूप' खोडलं आणि टाइप केलं: माझी माय माझ्यासोबत राहील.

बाण छापायच्या बटणावर नेऊन दाबला. टण्ण! मशीन ओरडलं आणि मधोमध पाटी आली: यादीतील पर्याय निवडा.

नानाजींचं पोट हलेपर्यंत हसून झालं. "पाह्य! मशीनलेही पटलं नाई!"

"मशीनला काय कळतं? यादी तुम्हीच दिली होती त्या पोराला. अनुरूप, नोकरदार, व्यावसायिक, शेती असलेला. बस."

"मंग अजून काय पाह्यजे पोरीले?"

"अन् पोरांच्या रकान्याला यादी काहून नाही?"

"पोरांचं येगळं असते."

ते वेगळं मला तोंडपाठ होतं. त्याच आठवड्यात दर्यापूरच्या एका मुलाची नोंद मी केली होती: गोरी, उंच, शिकलेली पण शिक्षणाचा तोरा नसलेली, नोकरी करणारी पण चार वाजता घरी येणारी, सासूसासऱ्यांना मायबाप मानणारी. एवढं सगळं मी त्याच्या रकान्यात भरलं, आणि मशीन एकदाही ओरडलं नाही.

नानाजी खुर्ची ओढून बसले. आवाज खाली आणला. "पोरी, एकोणतीस झाले तुले. पोरगा वीज मंडळात आहे, हुंडा नाई मागत. देव देते अन् कर्म नेते, तसं करू नको. अनुरूप राहू दे, कागद काढ. मायचं आम्ही पाहून घेऊ."

"काय पाहून घ्याल?"

"पाहून घेऊ म्हनतो ना," असं म्हणत ते उद्याच्या मेळाव्याचा मांडव पाहायला उठून गेले.

मी पुन्हा तेच वाक्य टाइप केलं आणि पुन्हा बटण दाबलं. टण्ण. बाण रकान्याबाहेर नेऊन काहीही दाबलं की मशीन अडवायचं. रकान्यातच उभं राहिलं तर मात्र काही बोलत नव्हतं. वाक्य समोर पडद्यावर स्वच्छ दिसत होतं, शेवटी ती उभी रेघ लुकलुकत होती.

तेवढ्यात माय आली. ती कन्याशाळेत पोरींची खिचडी शिजवायची. शनिवारची शाळा सुटली की माझा डबा घेऊन इकडे यायची. डबा टेबलावर ठेवून तिने पडद्याकडे पाहिलं. तिला अक्षर लावून लावून वाचता येई. फोटो पाहून आधी खूश झाली. मग बोट खाली खाली नेत शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली.

"हे कोनं लिवलं?"

"मी."

"खोड."

"नाही खोडत."

"खोड म्हनते ना! लेकीच्या घरचं पानी पेत नसते, कुंदे. माह्या मायनं नाही पेलं, तिच्या मायनं नाही पेलं. माही मावशी लेकीकडे जाय तं घरून पान्याचा तांब्या भरून नेत जाय. अन् मी तिथं जाऊन राहू? बोचकं घेऊन?"

"मग आता कोणाच्या घरचं पाणी पिते तू?"

"तुह्या बापाच्या."

"बाप भाड्यानं राहत होता, माय. भाडं मी भरते."

मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही, कारण तो खरा होता. ती स्टुलावर बसली आणि पदराने उगाच कपाळ पुसू लागली.

"तुले समजत नाही," ती हळू म्हणाली. "माह्यापाई तू बिनलग्नाची राह्यली तं मी कोनाले तोंड दाखवू? मले काय, मी भावाच्या ओसरीत पडून राहीन."

"त्या ओसरीत मामीनं कुटाराचे पोते रचले. दिवाळीत पाहून आली मी."

"पोते हलवतीन."

"हलवायचे असते तर रचलेच नसते."

माय उठली आणि थेट कीबोर्डावरच हात टाकला. "कोनतं बटन दाबलं की मिटते हे?"

मी एका हाताने तिचा हात धरला. खिचडीच्या पातेल्याने भाजलेला, खरखरीत हात. आणि दुसऱ्या हाताने कीबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातलं, एरवी कोणी हात लावत नाही ते बटण दाबलं. ते मला अमरावतीच्या पोरानेच शिकवलं होतं. काही बिघडलं की तो फोनवर म्हणायचा, "ताई, पडद्यावर जे दिसतं त्याचा फोटो घ्या, चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवा अन् छापून मला फॅक्स करा." बिघाड दाखवायची युक्ती ती. बिघाड तर बिघाड. मी फोटो घेतला, चिकटवला आणि छापला.

कागद दिसायला भयंकर निघाला. गणपती नाही, चौकट नाही. सगळी पार्श्वभूमी राखाडी, बाजूला 'पुढची नोंद', 'रद्द करा', 'जतन करा' ही बटणंसुद्धा छापली गेलेली. लुकलुकणारी रेघ होती तिथेच गोठली होती. पण तिच्या आधी माझं वाक्य होतं, अक्षर न अक्षर.

मायने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेली. घरी गेल्यावरही आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मेळावा. मांडव भरलेला, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. स्टेजखाली माझं टेबल, ऐनवेळी आलेल्यांच्या नोंदी करायला कॉम्प्युटर आणि प्रिंटर तिथेच आणून ठेवले होते. मंडळाचा रिवाज असा की मुलांनी माइक हातात घेऊन स्वतःची ओळख स्वतः करून द्यायची. मुलीने मात्र स्टेजवर येऊन नुसतं उभं राहायचं. तिचा कागद नानाजी वाचणार. स्टेजवर चढले की नानाजींची वऱ्हाडी खालीच राहायची आणि ते एकदम आकाशवाणीसारखं बोलू लागायचे. एकेक पोर येत होती, खाली मान घालून उभी राहत होती. "वधूच्या अपेक्षा, अनुरूप," नानाजी म्हणायचे. पुढची पोर. "वधूच्या अपेक्षा, अनुरूप."

पहिल्या रांगेत परतवाड्याची मंडळी होती. मुलगा बुटांकडे बघत बसलेला. त्याची आई जाड काठाच्या लुगड्यात ताठ. शेजारी माझा मामा, त्यांना पंख्याचा वारा नीट लागतो की नाही ते बघत होता. माय पार मागे, शेवटच्या रांगेत.

माझा नंबर पुकारला गेला. मी टेबलावरून उठून स्टेजवर गेले. नानाजींनी मी गठ्ठ्यात सरकवून ठेवलेला कागद उचलला आणि तो राखाडी कागद बघून थबकले. माझ्याकडे रागाने पाहिलं. मग घसा साफ करून वाचायला लागले. नाव वाचलं, उंची वाचली, शिक्षण वाचलं.

"वधूच्या अपेक्षा," ते क्षणभर थांबले, "अनुरूप."

"नाही नानाजी," मी म्हणाले. माइक त्यांच्या हातात होता, तरी माझा आवाज त्यात गेला. "कागदावर आहे ते वाचा."

मांडवात कुजबुज सुरू झाली. नानाजींनी हसून घेतलं. "मंडळी, संगणकात थोडा बिघाड झालेला आहे."

"बिघाड नाही. मी लिहिलं ते."

आता ते भाषा विसरले. माइक बाजूला धरून दात खात म्हणाले, "मंग तूच वाच ना! एवढी हिंमत आहे तं घे, वाच!" आणि त्यांनी माइक माझ्यापुढे केला. मी घेणार नाही, अशी त्यांची खात्री होती. त्या स्टेजवर कधी कोणत्या मुलीने माइक घेतलेला नव्हता.

मी घेतला. "माझी माय माझ्यासोबत राहील," मी वाचलं. "ज्याला मान्य असेल त्यानेच मला बघावं."

मग परतवाड्याच्या बाईने शेजारणीकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय व, हे रुखवतात मायच मांडतात काय?"

हशा पिकला. पुरुषांकडे पिकला, बायकांकडेही पिकला. माझा मामा हसला. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. आता रडले तर सगळं गेलं, एवढंच कळत होतं.

तेव्हा मागच्या रांगेतून माय उठली. खुर्च्यांमधून वाट काढत, कोणाच्या पायाला पाय लागला तर हात जोडत ती पुढे येऊ लागली. मला वाटलं, ही आता कागद फाडणार. ती स्टेजच्या पायऱ्या चढली. नानाजी म्हणाले, "वहिनी, तुमी बसा खाली, मी समजावतो तिले." मायने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुंदे," ती मला म्हणाली, "पानी दे."

तिला घेरी आली असं वाटून मी घाबरले. पाहुण्यांच्या टेबलावर तांब्या होता, त्यातलं पाणी फुलपात्रात ओतून मी तिच्या हातात दिलं. मायने ते घेतलं, माझ्याकडे पाठ करून लोकांकडे तोंड केलं आणि सगळ्या मांडवासमोर ते पाणी प्यायली. घोट घोट करत, शेवटच्या थेंबापर्यंत. पदराने तोंड पुसलं. फुलपात्र टेबलावर पालथं घातलं.

माइक तिने मागितला नाही. तिला त्याची गरजही नव्हती. शाळाभरच्या पोरी एका हाकेत पंगतीला बसवणारा आवाज होता तिचा.

"पेली मी लेकीच्या हातचं पानी," ती म्हणाली. "पाह्यलं साऱ्यायनं? इख नव्हतं त्यात. आता तिच्या घरीबी पेईन. अन् रुखवतात माय आली तं ज्याले लाज वाटते, त्यानं आपल्या पोरासाठी बिनमायची पोरगी पाहावी."

कोणी हसलं नाही.

"चाल, उतर खाली," माय मला म्हणाली. "पुढच्या पोरीचा नंबर आहे."

परतवाड्याची मंडळी जेवायलाही थांबली नाहीत. मामा त्यांच्या मागे धावत फाटकापर्यंत गेला आणि तिथूनच बसस्टँडवर. मी टेबलावर येऊन बसले. थोड्या वेळाने एक मुलगी बापाला घेऊन टेबलापाशी आली. बाप मागे उभा, ती पुढे.

"ताई, माझाबी कागद तसाच निघते का? तो काळपट?"

"काय लिहायचं आहे?"

तिने बापाकडे बघितलं. बाप मांडवाच्या कापडाकडे बघत राहिला. "घरात संडास पाह्यजे," ती एका दमात म्हणाली.

मी लिहिलं, फोटो घेतला, छापलं. तिच्या मागे दुसरी उभी होती, तिला एम.एस्सी. पूर्ण करायचं होतं. तिच्या मागे अजून एक. नानाजी तरातरा टेबलापाशी आले.

"हे काय चालू केलं तू? सारी शाई संपन!"

"संपू द्या."

"उद्यापासून येऊ नको तू इथं!"

"नाही येत," मी म्हणाले, आणि पुढच्या मुलीला विचारलं, "बोल, काय लिहू?"

शाई खरोखरच संपली. संध्याकाळी मी आणि माय चालत घरी गेलो. वाटेत माय एकदाच बोलली. "लई खारट होतं व ते पानी," म्हणाली.

बुधवारी नानाजींचा दिवाणजी धापा टाकत आमच्या दारात आला. "कुंदाताई, चाला लवकर. नानाजीनं नवी शाई टाकली अन् कोन्या एका पोरीचा कागद काढाले गेले. साऱ्याच पोरी बाहेर पडून राह्यल्या. थांबतच नाहीत!"

माय चुलीपाशी होती. ती फिसकन हसली. मीही हसले, पण जागची हलले नाही. "नानाजींना सांगा," मी म्हणाले, "पोरींच्या रकान्याची यादी काढून टाकायला अमरावतीच्या पोराला आधी फोन लावा. पोरांसारखाच मोकळा रकाना पाहिजे. फोन झाला की मी येते. तोपर्यंत निघू द्या पोरी बाहेर."

दिवाणजी गेला आणि परत आला. फोन लावला होता. मी चपला घातल्या.

ऑफिसात जमिनीभर कागद पसरले होते आणि त्यांच्या मधोमध नानाजी. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी मशीन थांबवलं. मग माझी नोंद उघडून पाहिली. शनिवारी टाइप केलेलं वाक्य त्यात नव्हतं. मी ते जतन करू शकलेच नव्हते, त्यामुळे तिथे अजून 'अनुरूप'च बसलेलं होतं. प्रोग्रॅमर दुसऱ्या दिवशी येऊन यादी काढून गेला आणि मी पहिलं काम तेवढंच केलं. वाक्य लिहिलं, बटण दाबलं. मशीन चूपचाप गणपतीसकट, चौकटीसकट कागद बाहेर देऊन मोकळं झालं.

याला वीस वर्षं झाली. ही गोष्ट सांगितली की लोक हटकून विचारतात, मग लग्न झालं का, कोणाशी झालं, सासरचे कसे आहेत. मी सांगत नाही. त्या कागदावर जेवढं लिहिलं होतं तेवढं झालं, आणि माझी अपेक्षा तेवढीच होती. बाकीच्या चौकशा ज्याने त्याने आपल्या रकान्यात ठेवाव्यात.

आत्ता हे लिहीत बसले आहे तर आतून हाक आली आहे, "कुंदे, पानी आन व!" ऐंशीच्या पुढे गेली, तरी आवाज शाळेतलाच आहे. उठायलाच हवं. माझ्या घरच्या माठातलं पाणी आहे, आणि तिला ते काठोकाठ भरलेलं लागतं.